वाल्मिकची बेस गिटार आणि तीन तोळे तांबं

कडूबाईंचा फोन आला तेव्हा वाल्मिक पालवे आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली वाकून वॉल्व्ह उघडत होता. एका हातात पाना आणि दुसऱ्यात मोबाईल.

"वाल्मिक, पाथर्डीत माझा सत्कार ठेवलाय. पुढच्या महिन्यात, बावीस तारखेला. एक लावणी म्हना म्हनत्यात."

"म्हना की मग."

"तू बेसला असशील तर म्हनते. न्हाईतर हार घालून घेते, नारळ पिशवीत टाकते अन् संगमनेरला माघारी येते."

"असतो की," वाल्मिक म्हणाला.

फोन ठेवून त्याने वॉल्व्ह पूर्ण उघडला, खालच्या आळीचं पाणी सुरू झालं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे बेस गिटार नाही. कधीच नव्हती. बत्तीस वर्षं त्याने जी वाजवली ती तमाशाच्या मालकाची होती. ढोलकीवाला आपली ढोलकी घेऊन येई, क्लॅरिनेटवाला आपलं क्लॅरिनेट उशाशी घेऊन झोपे. वाल्मिक मात्र मोकळ्या हाताने आला होता आणि मोकळ्या हातानेच परतला.

तो तमाशात गेला तोही हातांमुळेच. तेवीस वर्षांचा होता, बायकोबरोबर संगमनेरकडच्या एका कारखान्यावर ऊसतोडीला गेला होता. जवळच्या यात्रेत तमाशाचा तंबू लागला. तंबू उभारायला चार माणसं हवी होती, म्हणून वाल्मिक सुट्टीच्या दिवशी तिथे राबला. बेस वाजवणारा माणूस तापाने फणफणला होता. ऑर्गनवर मार्तंड मास्तर होते, नेवाशाच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव, घरच्यांशी भांडून तमाशात आलेले. त्यांनी वाल्मिकच्या तळहातावरचे कोयत्याचे घट्टे पाहिले आणि म्हणाले, "ह्याला फोड यायची नाही. दोन सुरांपुरती माझी गरज भागव. ही तार, आणि ही तार." दोन सुरांचे आठवड्यात सात झाले. हंगाम संपला तेव्हा तमाशा पुढच्या यात्रेला निघाला, आणि वाल्मिकही.

उसाच्या तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. वाल्मिक गेला आणि त्याची बायको झुंबरबाई अर्धा कोयता झाली. पुढची सात वर्षं ती भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणूनच गेली. वाल्मिक पैसे पाठवायचा, वेळच्या वेळी पाठवायचा. पण मोळी डोक्यावर चढवायला दुसरा हात लागतो, तो मनीऑर्डरने जात नाही. हे वाल्मिकला तेव्हा कळत होतं आणि तरी तो गेला होता. झुंबरबाईने त्याला परत बोलावलं नाही. का बोलावलं नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. फक्त तिचे उपकार आहेत एवढं मनाशी धरून राहिला.

नवरा वाजवतो काय, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. गावातल्या बायका तमाशाला जात नसत. ज्यांनी ऐकलं त्यांच्याही लक्षात राहण्याचं कारण नव्हतं. लोक ढोलकीला शिट्ट्या मारत, पुढे नाचणाऱ्या कडूबाईंच्या अदेला फेटे उडवत. मागे ट्रंकेजवळ उभा असलेला उंच माणूस काय करतो, हे त्यांना माहीत नसे. माहीत होतं एकट्या कडूबाईंना. "माझा पाय तुझ्या तारंवर पडतो," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. वाल्मिकने ते वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये तमाशा बंद पडला. मालकाने कनाती, लाइट, वाद्यं सगळं एकगठ्ठा विकलं. वाल्मिक गावी आला, आणि पाण्याचा माणूस नुकताच वारल्यामुळे ग्रामपंचायतीने ते काम त्याला दिलं.

आता साठाव्या वर्षी, पाच आठवड्यांच्या आत, त्याला गिटार हवी होती.

नगरला जाऊन त्याने एक नवी पाहिली. गळ्यात अडकवली आणि लगेच काढून ठेवली. इतकी हलकी, की खांद्यावर काही आहे असंच वाटेना. ओळखीच्या एका कीबोर्डवाल्याने सांगितलं, बेसचं बटण माझ्या पेटीत आहे, तू कशाला खटपट करतोस. वाल्मिकने हे फोनवर कडूबाईंना कळवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बटनावर नाचायला मी काय लिफ्ट हाय का?"

शेवटी भिंगारला, छगनच्या जुन्या सामानाच्या दुकानात, शिवणयंत्रं आणि टेबलफॅनच्या मागे त्याला ती दिसली. कडेला काळी, मध्ये मधासारखी पिवळी. तारा आवळायच्या चार चाव्यांपैकी एक गायब, दोनच तारा आणि त्याही गंजून तांबड्या झालेल्या, दांडी धनुष्यासारखी वाकलेली. मागे जपानचा शिक्का. पन्नास वर्षांपूर्वीची तरी असावी.

"ही वाजती का?" वाल्मिकने विचारलं.

"वाजली असती तर माझ्याकडं आली असती का?" छगन म्हणाला. "छावणीतल्या एका साहेबाची हाय. साहेब गेले, मॅडमनी बंगला रिकामा केला. शोकेसला न्या. भिंतीला झकास दिसंल."

वाल्मिकने ती गळ्यात अडकवली. खांद्यावर पट्टा रुतला. ओळखीचं ओझं होतं. दोन महिन्यांच्या पगाराएवढी किंमत छगनने सांगितली, वाल्मिकने घासाघीस करून दीडावर आणली, आणि पोत्यात गुंडाळलेली गिटार मांडीवर घेऊन एसटीने गावी आला.

झुंबरबाईने पोतं सोडून पाहिलं.

"अवो, हिला तर अर्ध्याच तारा हायत."

"घालतो की."

"अन् आवाज?"

"तो पण घालायचाय."

"म्हंजे लाकूड आणलं. एवढ्यात बाभळीचं ट्रॅक्टरभर आलं असतं." असं म्हणून तिने आपलं एक जुनं लुगडं आणून दिलं, गिटार झाकायला.

दांडीचं काम वाल्मिकने स्वतः केलं. दांडीच्या आतून एक लोखंडी सळई जाते आणि टोकाला तिचा नट असतो. तो आवळला की दांडी सरळ होते. नट गंजून बसला होता. पण अडकलेले वॉल्व्ह सोडवणं हेच वाल्मिकचं रोजचं काम. अडकलेल्या वॉल्व्हला जोर करायचा नसतो. डिझेलचे चार थेंब सोडायचे, दिवसभर थांबायचं, केसभर पुढे, केसभर मागे. नवव्या दिवशी दांडी सरळ झाली. हरवलेली चावी पाथर्डीच्या लेथवाल्याने पंपाच्या जुन्या पितळी बुशातून कातून दिली. तारा पुण्याहून कुरियरने आल्या. झीरो नंबरचा पॉलिश पेपर घेऊन झुंबरबाईने दांडीवरचे पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, घासल्या. भांडी घासावीत तशा घासल्या आणि चकचकीत केल्या.

आवाज मात्र नव्हता. गिटारच्या पोटात तारांखाली दोन छोट्या कॉइली असतात, त्यांना पिकअप म्हणतात. तार हलली की ती हालचाल कॉइली पकडतात आणि स्पीकरकडे पाठवतात. दोन्ही मेलेल्या होत्या. वाल्मिक त्या घेऊन सुकन्या बडेच्या दुकानात गेला.

सुकन्याचं दुकान पाथर्डीच्या स्टँडजवळ. आईवडील ऊसतोडीला जात तेव्हा शाळा बुडू नये म्हणून ती मामाकडे राहायची, आणि मामा विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. शाळेतून आली की ती त्याच्याशेजारी बसून तांब्याची तार गुंडाळायची. मामा गेला, दुकान तिच्याकडे आलं. आता ती छत्तीस वर्षांची होती, आणि तालुक्यातल्या निम्म्या विहिरींचं पाणी तिच्या हातातून गेलेल्या तारेवर चढत होतं. ग्रामपंचायतीची मोटार वर्षातून दोनदा जळायची, त्यामुळे वाल्मिक तिचं जुनं गिऱ्हाईक होता.

तिने कॉइली मीटरला लावल्या. "काका, एक तुटलीय, एक आतल्या आत जळालीय. पण ही मोटार न्हाई. ही तार बघा, केसाहून बारीक. माझ्याकडची सगळ्यात बारीक तार हिच्यापुढं दोरखंड हाय."

"जमंल का?"

"मला काय म्हाईत? कधी केलंय का मी?" तिने कॉइली उजेडात धरल्या. "बावीस तारीख म्हनता. ठेवून जा."

"अन् न्हाई जमलं तर?"

"तर कडूबाई हार घालून घरी जातील. मला नका घाबरवू."

मोटार भरण्याची तिची पद्धत मामाची होती: जळालेली कॉइल उसवायची, वेढे मोजायचे, तेवढेच नवे घालायचे. इथे मोजता येईना, तार दर दहा वेढ्यांना तुटायची. तेव्हा तिने मामाचीच दुसरी युक्ती काढली. जुनं तांबं जमेल तेवढं सोलून एका डबीत भरलं आणि शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं, म्हणजे वेढे न मोजता तेवढ्याच वजनाची नवी तार घालता येईल.

"जवळपास तीन तोळे," सोनार म्हणाला. "सुकन्या, सोनं असतं तर दुकान बंद करून बसली असतीस."

"सोनं असतं तर तुमच्याकडं आणलं असतं व्हय मी?"

नगरच्या एमआयडीसीतून, ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्या एका ओळखीच्याकडून तिने बारीक तारेचं रीळ मागवलं. पंख्याच्या कॉइलीसाठी असलेलं हाताचं मशीन लावलं. पहिली खेप नऊशे वेढ्यांवर तुटली. दुसरी दोन हजारांवर. मोटारीच्या तारेला ओढ द्यायची सवय झालेला तिचा हात या तारेला जड पडत होता. तिसऱ्या खेपेला तिने छतावरचा पंखा बंद केला, वाल्मिकने आणलेल्या लुगड्याची चिंधी फाडून तिच्या घडीतून तार ओढली, आणि गिऱ्हाइकांना बाहेर उभं केलं. एक शेतकरी ओरडला, "माझी मोटार कवा?" ती म्हणाली, "बोलू नका, वारा येतो."

दोन कॉइलींना सहा दिवस लागले. मोटारीसारखं वॉर्निशमध्ये बुडवून बल्बखाली भाजावं तर प्लॅस्टिक वितळलं असतं, म्हणून तिने मेणबत्तीचं मेण पातळ करून त्यात कॉइली बुचकळल्या. सतरा तारखेला संध्याकाळी ती स्वतः गावी आली. भजनी मंडळाचा अँप्लिफायर वाल्मिकच्या ओट्यावर आणला. वायरी जोडल्या. वाल्मिकने जाड तार छेडली.

सूर आला. ओट्यावरचा तांब्या थरथरला. झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली. पण सुराच्या मागे एक गुरगुर होती, आणि सूर विझला तरी ती विझेना. एक फेज गेलेली मोटार जशी जागच्या जागी घुमते तशी.

"अर्थिंग," वाल्मिक म्हणाला.

"अर्थिंगच," सुकन्या म्हणाली.

पाथर्डी तालुक्यात विजेच्या कुठल्याही आजाराला पहिलं औषध अर्थिंग. वाल्मिकने दुसऱ्या दिवशी ओट्यालगत पुरुषभर खड्डा खणला, त्यात पत्रा पुरला, मीठ आणि कोळशाचे थर दिले, वर दोन बादल्या पाणी ओतलं. शेजारच्या गहिनीनाथने कुंपणावरून विचारलं, "वाल्मिकभाऊ, गिटार पुरता का काय?" गुरगुर तशीच. वीस तारखेला आणखी चार बादल्या ओतल्या. गुरगुर तशीच.

त्या दुपारी कडूबाईंचा फोन आला. "वाजवून दाखव बरं."

वाल्मिकने मोबाईल स्पीकरपुढे धरला आणि त्यांची लावणी धरली.

"मला तर घुंघुंच ऐकू येतंय. तू कुठंय?"

"जाड सूर मोबाईलमधी येत न्हाई, बाई."

"आन् घुंघुं येतंय?"

वाल्मिकने अँप्लिफायर बंद केला.

"वाल्मिक, खरं सांग. न्हाई म्हनायचं असंल तर आज म्हन. म्हातारपणी स्टेजवर हसं नको."

"उद्या सांगतो," तो म्हणाला. बत्तीस वर्षांत त्याने त्यांना कशालाच 'उद्या' म्हटलेलं नव्हतं.

एकवीस तारखेला सकाळी पाणी सोडून तो गिटार घेऊन सुकन्याच्या दुकानात जाऊन बसला. तेवढ्यात एक शेतकरी कालच नेलेल्या मोटारीची तक्रार घेऊन आला: मोटार फिरते, पाणी चढत नाही. सुकन्याने मान वर न करता सांगितलं, "उलटी फिरतीय. तीनपैकी कुठल्याबी दोन वायरी अदलाबदल करा." शेतकरी निघाला. सुकन्या त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"काका, गिटार द्या."

तिने स्क्रू काढले, दोन्ही कॉइलींची तोंडं एकमेकींजवळ नेली. त्यांचे लोहचुंबक एकमेकांना चिकटले. तिने एक कॉइल बाजूला ठेवून कपाळावर हात मारला.

"ह्या दोघींचे चुंबक उलटसुलट बसवलेत. एकीचं तोंड वर, एकीचं खाली. म्हंजे तारेचे वेढे पण उलटसुलट पायजेत. तवा बाहेरची गुरगुर एकमेकींत खपून जाती अन् सूर तेवढा राहतो. मी दोन्ही एकाच बाजूनं भरल्या. मोटारीच्या भरतो तशा."

"मंग आता परत भरायच्या?" वाल्मिकचा आवाज उतरला. सहा दिवस त्याने मोजले होते.

"कशाला? त्या माणसाला काय सांगितलं मी आत्ता?"

सोल्डरिंग तापायला चार मिनिटं लागली. एका कॉइलीच्या दोन वायरी तिने जागा बदलून जोडल्या. दुकानातल्या रेडिओला गिटार जोडली. वाल्मिकने तार छेडली, सूर विझू दिला. मागे काही नव्हतं. रस्त्यावरून एक जीप गेली, तेवढाच आवाज.

"तीन दिवस मीठ घातलं खड्ड्यात," सुकन्या म्हणाली, "अन् आळणी मीच हुते."

वाल्मिकला हसावं की हात जोडावेत कळेना. त्याने दोन्ही केलं, आणि मग कडूबाईंना फोन करून "या" एवढंच सांगितलं.

बावीस तारखेला दुपारी चारला मंगल कार्यालय भरलं होतं. झुंबरबाई चौथ्या रांगेत बसली होती, सुकन्याशेजारी. सुकन्याच्या पिशवीत सोल्डरिंगचं पेन होतं, लागलंच तर. आता खुर्च्या मांडलेल्या कार्यक्रमाला बायका निम्म्याच्या वर होत्या, आणि इथे येताना झुंबरबाईने कुणाला विचारलंही नव्हतं. कडूबाईंना गुडघ्याचा त्रास होता. त्यांनी एकाच पायात चाळ बांधले होते आणि खुर्चीवर बसून गाणार असं आधीच जाहीर केलं होतं. हार झाले, नारळ झाला. मग त्या मागे वळल्या.

"वाल्मिक, लाव."

त्याने लावली. ढोलकी आली, पेटी आली. दोन ओळी कडूबाई बसून गायल्या. तिसऱ्या ओळीला त्यांचा चाळाचा पाय उचलला गेला, खाली पडला, आणि त्या उभ्या राहिल्या. नाचल्या नाहीत, एकाच पायावर ताल देत उभ्या गायल्या. लावणीच्या मध्यावर एक जागा अशी आहे की बेस एक ओळभर गप्प बसतो, कडूबाई ती ओळ तोलून धरतात, आणि शेवटच्या शब्दावर चाळाचा पाय व तार एकदम पडतात. पाच वर्षांत ती जागा दोघांनी एकदाही एकत्र घेतलेली नव्हती. वाल्मिक थांबला. कडूबाईंनी ओळ ओढली, नेहमीपेक्षा जास्तच ओढली. म्हाताऱ्या झाल्या तरी खोड गेली नव्हती. मग पाय पडला आणि तारही पडली. सभागृहात फेटे फारसे नव्हते, टोप्या उडाल्या.

टाळ्या संपल्यावर निवेदक आभाराची यादी वाचू लागला. वाल्मिकने मागून येऊन त्याच्यापुढचा माईक आपल्याकडे वळवला. तो आयुष्यात स्टेजवर कधी बोललेला नव्हता.

"एक नाव राहिलंय," तो म्हणाला. "ही गिटार मेलेली हुती. स्टँडजवळच्या सुकन्या बडेनं भरून दिली. ती नसती तर आज बाईंनी गाणं म्हटलं नसतं. तिचे आभार. अन् माझी बायको हाय हितं, तिचे..." पुढचा शब्द सापडेना, म्हणून त्याने माईक परत निवेदकाकडे वळवला.

सुकन्याला ओळखत नाही असा शेतकरी त्या कार्यालयात नव्हता. टाळ्यांमधून कुणीतरी ओरडलं, "तरीच माझी मोटार पंधरा दिवस पडून हाय!"

"उद्या न्या!" सुकन्या चौथ्या रांगेतून ओरडली.

कडूबाईंनी जाताना गिटारवरून हात फिरवला आणि वाल्मिकला म्हणाल्या, "आता मी गेले तरी चालंल." मग लगेच, "पर जात न्हाई. अकोल्याला पण बोलावलंय. येशील का?" वाल्मिकने येतो म्हटलं.

परतीच्या जीपमध्ये गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी होती. जीप तिसगाव रस्त्याला लागली.

"कसं झालं?" वाल्मिकने शेवटी विचारलं.

"खरं सांगू का? तुमचं कंचं हुतं तेच मला कळंना. ढोलकी कळत हुती, पेटी कळत हुती. तुमी नुसते उभे हायसा असंच वाटत हुतं."

"तसंच असतं ते."

"पर मधी तुमी थांबला हुता न्हाई का? तवा कळलं. बाईचं गाणं एकदम अधांतरी झालं. मला वाटलं, पडतंय आता. मंग तुमी परत आला." तिने गिटारवरचं लुगडं सारखं केलं. "उद्या घरी वाजवा. फकस्त तुमचं."

"एकट्याचं काय वाजवायचं? वर कुनीतरी गानारं लागतं."

"मंग मी म्हनते की. कारखान्यावर रातच्याला आमी बाया गाणी म्हनायचो, ती समदी पाठ हायत मला," झुंबरबाई म्हणाली. "तुमी कुठं ऐकलीत?"